एमआय-१७ नंतर कोण?

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीवर कंपासचं टोक ठेवून ३०० किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर नाशिक, पुणे आणि नागपूर ही तिन्ही शहरं जवळपास त्या रेघेवर येतात. हैदराबाद जरासं आत पडतं. हवाई दलाचे आणि लष्कराचे जे तळ आपल्या उपयोगाचे, ते याच शहरांच्या आसपास. म्हणजे जिंतूर तालुक्यात करपरेला किंवा पूर्णेला पाणी चढलं, शेतातल्या आखाड्यावर माणसं अडकली आणि तहसीलमधून हेलिकॉप्टरची मागणी वर गेली, तर ते कुठूनही निघालं तरी सारख्याच लांबून येणार. ताशी २३० किलोमीटरच्या चालीने सव्वा तास ते दीड तास, तोही आभाळ वाट देईल तर. आणि नेहमीच्या टाक्यांवर जे यंत्र सुमारे ६०० किलोमीटर जातं, ते ३०० किलोमीटर येऊन, इथे घिरट्या घालून, माणसं उचलून परत ३०० किलोमीटर जाऊ शकत नाही. त्याला नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळावर इंधनासाठी उतरावंच लागतं.

हे यंत्र म्हणजे एमआय-१७. मॉस्कोजवळच्या मिल संस्थेने आखलेलं, कझान आणि उलान-उदे इथल्या कारखान्यांत बनणारं, १३ टन वजनाचं रशियन हेलिकॉप्टर. गेली चाळीस वर्षं महाराष्ट्राने ते अनेकदा पाहिलं आहे. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्यातल्या नरिमन हाऊसच्या गच्चीवर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दोरावरून उतरले, ते एमआय-१७ मधून. ४ ऑगस्ट २०१९ रोजी कल्याण तालुक्यात खडवलीजवळ जू-नांदखुरी गाव पाण्याने वेढलं, तेव्हा ५८ माणसांना बाहेर काढलं ते याच जातीच्या हेलिकॉप्टरने. त्यांत लेकरंही होती. गडचिरोलीत निवडणूक आली की अहेरी, एटापल्ली, भामरागडकडच्या केंद्रांवर मतदान यंत्रं आणि शिक्षक-कर्मचारी पोचवायला एमआय-१७ लागतं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे झालं ते वाचकांना सांगायला नको. सीना, मांजरा, गोदावरी एकाच वेळी भरून वाहिल्या. धाराशिव आणि बीड जिल्ह्यांत अडकलेली माणसं हेलिकॉप्टरने उचलावी लागली. त्या कामात लहान हेलिकॉप्टरंही असतात आणि त्यांचं मोल कमी नाही. पण एका फेरीत वीस-पंचवीस माणसं, किंवा चार टनांपर्यंत धान्य-औषधं नेऊ शकणारं, आणि भारताकडे मोठ्या संख्येने असलेलं यंत्र हे एकच.

म्हणून रशियात त्याच्या जागी नवं मध्यम हेलिकॉप्टर कधी येणार, ही चर्चा बोरीच्या माणसालाही लागू आहे. तो प्रश्न फक्त संरक्षणतज्ज्ञांचा नाही.

खेड्यात हेलिकॉप्टर उतरवणं ही काय चीज आहे, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे ते बहुतेकांना ठाऊक आहे ते प्रचारसभांमुळे. सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसं दोन दिवस आधी येतात. शाळेचं मैदान किंवा काढणी झालेलं रान पाहतात, विजेच्या तारा किती लांब आहेत ते बघतात, रोलर फिरवून जमीन दाबून घेतात. चुन्याने गोल आणि त्यात इंग्रजी एच काढतात. वाऱ्याची दिशा दिसावी म्हणून काठीला कापड बांधतात. आणि टँकर बोलावून सगळीकडे पाणी मारतात. हे पाणी मारणं सगळ्यांत महत्त्वाचं, कारण काळ्या रानाची वाळलेली माती फार बारीक असते. ती उडाली की वैमानिकाला खालची जमीन दिसेनाशी होते आणि तीच माती इंजिनात ओढली जाते. नेत्याचं हेलिकॉप्टर तीन-चार टनांचं असतं, तरी बघ्यांच्या टोप्या आणि पदर उडतात. एमआय-१७ त्याच्या तिप्पट-चौपट. पाती फिरत असताना टोकापासून टोकापर्यंत पंचवीस मीटर. पुरात तर टँकर नसतो, रोलर नसतो, चुना नसतो. वैमानिकाला मिळते ती एखादी उंचवट्यावरची जागा किंवा गच्ची, आणि तिथेही टेकता येत नाही म्हणून दोर सोडावा लागतो.

रशियन अभियंत्यांनी यावर जो उपाय केला तो या हेलिकॉप्टरच्या तोंडावरच दिसतो. वैमानिकांच्या डोक्यावर, इंजिनांच्या दोन तोंडांशी, दोन मोठे गोल घुमट असतात, भुईछत्रीसारखे फुगलेले. ते धूळ गाळायचे घुमट. आत येणाऱ्या हवेला असं वळण दिलं जातं की जड कण कडेला फेकले जाऊन बाहेर पडतात. पात्यांचंही तसंच. धातूच्या पात्याचा कणा पोकळ असतो आणि त्यात दाबाखाली हवा भरलेली असते. कण्याला केसाएवढी चीर पडली तरी हवा निसटते, दाब उतरतो आणि पात्याच्या मुळाशी एक लाल खूण बाहेर येते. उड्डाणाआधी तंत्रज्ञ वर चढतो आणि पाचही पात्यांच्या मुळाशी नजर टाकतो. लाल दिसलं नाही तर पुढे. संगणक नको, तारा नकोत, सायबेरियात उणे चाळीस तापमानातही चालेल अशी युक्ती. आत एक छोटं सहायक इंजिन असतं, त्यामुळे मोठी इंजिनं सुरू करायला जमिनीवरच्या यंत्रणेची गरज पडत नाही. रानात उतरलं तर रानातून स्वतःच उठतं. माझ्या मते या हेलिकॉप्टरच्या साठ वर्षांच्या आयुष्याचं गुपित अशा गोष्टींत आहे. त्याच्या रूपात मोहून जावं असं काही नाही.

साठ वर्षं हा शब्दशः हिशेब आहे. मिखाईल मिल यांच्या संस्थेने या कुळातलं पहिलं यंत्र १९६१ मध्ये उडवलं. त्याला एकच इंजिन होतं आणि जुन्या एमआय-४ ची चार पात्यांची चक्री. पुढच्याच वर्षी दोन इंजिनं आली, मग पाच पाती आली, आणि १९६५ पासून कझानला एमआय-८ चं उत्पादन सुरू झालं. पहिल्या इंजिनांची ताकद प्रत्येकी सुमारे १,५०० अश्वशक्ती. १९७५ मध्ये त्याच सांगाड्यावर सुमारे १,९०० अश्वशक्तीची इंजिनं बसवून एमआय-८एमटी उडालं; परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्याचं नाव झालं एमआय-१७. आपल्याकडच्या व्ही-५ प्रकाराला व्हीके-२५०० इंजिनं आहेत, उड्डाणाच्या वेळी २,४०० अश्वशक्तीची. एक इंजिन बंद पडलं तर दुसरं थोडा वेळ २,७०० पर्यंत ताकद देतं. सांगाडा बराचसा तोच राहिला, इंजिन मात्र बदलत गेलं. या कुळातली १२,००० हून अधिक हेलिकॉप्टरं जगात बनली. त्या संख्येमुळे सुटा भाग कुठेही मिळतो, मिस्त्री कुठेही मिळतो, आणि किंमत खाली राहते.

याच किमतीपाशी आणि याच इंजिनापाशी त्याच्या वारसांचं घोडं अडत आलं आहे.

पहिला वारस एमआय-३८. त्याचं काम १९८० च्या दशकात सुरू झालं, हेतू स्पष्ट होता: एमआय-८ ची जागा घ्यायची. मग सोव्हिएत संघ कोसळला. १९९४ मध्ये युरोपातल्या युरोकॉप्टर कंपनीबरोबर ‘युरोमिल’ ही भागीदारी झाली, कॅनडातल्या प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं घ्यायची ठरली. त्या इंजिनांवर पहिलं उड्डाण झालं २२ डिसेंबर २००३ ला. नंतर युरोकॉप्टर बाहेर पडली, परदेशी इंजिनांचा मार्गही सुटला आणि सेंट पीटर्सबर्गच्या क्लिमोव्ह कंपनीचं टीव्ही७-११७व्ही बसवावं लागलं. प्रमाणपत्र मिळालं ते २०१५ च्या अखेरीस. यंत्र उत्तम आहे: संमिश्र साहित्याची सहा पाती, जास्त वेग, जास्त पल्ला, तीस प्रवासी. पण वजन १५ टनांच्या वर गेलं आणि किंमतही एमआय-८ च्या बरीच वर. ज्या विमान कंपन्या सायबेरियातल्या तेलविहिरींवर कामगार नेतात, त्यांना ते परवडेना. रशियन सैन्याने थोडी घेतली. पहिल्या आराखड्यापासून पस्तीसहून अधिक वर्षं गेली, तरी एमआय-८ च्या जागी एमआय-३८ उभं राहिलेलं कुठे दिसत नाही. त्याच्या इंजिनाच्या कुटुंबातलंच दुसरं इंजिन आयएल-११२व्ही या नव्या मालवाहू विमानाला लावलं होतं; ते विमान १७ ऑगस्ट २०२१ रोजी मॉस्कोजवळ कुबिंका इथे इंजिनाला आग लागून कोसळलं.

दुसरा प्रयत्न आकाराने लहान: कामोव-६२, साडेसहा टनी, पंधरा प्रवाशांचं. याची गोष्ट भारतीय वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. त्याला फ्रान्सची आर्डिडेन इंजिनं निवडली होती. आपल्या ध्रुव हेलिकॉप्टरचं ‘शक्ती’ इंजिन याच आर्डिडेन कुटुंबातलं, हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि फ्रेंच कंपनीने मिळून घडवलेलं. कामोव-६२ ला रशियाचं प्रमाणपत्र मिळालं नोव्हेंबर २०२१ मध्ये. तीन महिन्यांनी युक्रेनवर हल्ला झाला, निर्बंध आले, आणि प्रमाणपत्र हातात असलेल्या हेलिकॉप्टरला इंजिन मिळणं बंद झालं. आता त्याच्यासाठी व्हीके-१६००व्ही हे देशी इंजिन तयार होतंय. म्हणजे यंत्राची अर्धी चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

तिसरी वाट वेगाची होती. २००९ च्या सुमाराला मिल आणि कामोव या दोन्ही संस्थांनी ताशी ४०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या हेलिकॉप्टरांचे आराखडे मांडले. जुन्या एमआय-२४ वर बदल करून एक प्रयोगयंत्र बनवलं, ते २०१५ च्या अखेरीस उडालं आणि त्याने वेग गाठूनही दाखवला. पण प्रयोगयंत्र एक, आणि शेकड्याने विकलं जाणारं हेलिकॉप्टर दुसरं. पुढे ती वाट अरुंद होत गेली. दरम्यान कझान आणि उलान-उदेने खरा धंदा केला तो जुन्यालाच नवं करून. एमआय-१७१ए२ ला संमिश्र पाती दिली, शेपटीला एमआय-२८ च्या धर्तीचा एक्स आकाराचा पंखा बसवला, काचेच्या पडद्यांची कॉकपिट दिली. समुद्रातल्या तेलविहिरींसाठी १७१ए३ केलं. गिऱ्हाइकाने यांचीच ऑर्डर दिली.

आता रशियात पुन्हा बोललं जातंय की हे फार झालं, मध्यम वजनाचं हेलिकॉप्टर मुळापासून नव्याने आखायला हवं. गरज खरी आहे. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी कामचाटकात पर्यटकांना घेऊन निघालेलं एमआय-८टी कोसळलं, २२ माणसं गेली. असे सांगाडे रशियाच्या उत्तरेत आणि पूर्वेत अजून शेकड्याने उडताहेत. पण गरज आणि शक्यता या दोन गोष्टी आहेत, आणि शक्यतेच्या बाजूने मला फारसं काही दिसत नाही. कारखाने युद्धाच्या मागणीत गुंतलेत. युद्धात हेलिकॉप्टरं पडली, ती भरून काढायची तर आहे तोच साचा चालवावा लागतो. साचा बदलायला थांबणं सैन्याला परवडत नाही. मिल आणि कामोव या दोन जुन्या संस्था एका छताखाली आणल्या गेल्या आहेत, एमआय-३८ आणि कामोव-६२ या दोघांची देणी अजून फिटलेली नाहीत. त्यात इंजिनाचा इतिहास आहेच. एमआय-१७ ची इंजिनं आखली क्लिमोव्हने, पण कित्येक दशकं ती बनत होती युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाच्या मोटर सिच कारखान्यात. २०१४ मध्ये तो दोर तुटला. रशियाने सेंट पीटर्सबर्गजवळ स्वतःचं उत्पादन उभं केलं, ते जमलंही, पण त्यात पैसा आणि वर्षं गेली. २०२२ मध्ये युक्रेनने मोटर सिच सरकारी ताब्यात घेतली. एकेकाळी एकाच देशाच्या दोन टोकांना असलेले आराखडा आणि कारखाना आज आघाडीच्या दोन बाजूंना आहेत.

उद्या रशियाने नवं यंत्र कागदावर आणलंच, तर ते कसं असेल याचा अंदाज बांधता येतो. तेरा टनांच्या आसपास, कारण त्याखाली आणि त्यावर जाऊन पाहिलंय. इंजिन व्हीके-२५०० च्या वळणाचं, कारण हातात तेच आहे. संमिश्र पाती, मागे उतरता दरवाजा, पुढे काचेची कॉकपिट. म्हणजे एमआय-१७१ए३ च्या शेजारी उभं केलं तर गिऱ्हाईक विचारेल, जास्तीचे पैसे कशाचे? या प्रश्नाला एमआय-३८ कडे उत्तर नव्हतं.

पश्चिमेकडे पाहिलं तरी या वजनाला सोपा पर्याय दिसत नाही. खुद्द अमेरिकेने अफगाणिस्तानच्या हवाई दलासाठी रशियाकडून साठाहून अधिक एमआय-१७ विकत घेतली, कारण तिथल्या तंत्रज्ञांना ती सांभाळता येत होती आणि डोंगरात ती वजन उचलत होती. पुढे त्यांच्या जागी ब्लॅकहॉक देण्याचं ठरलं, तेव्हा अमेरिकेच्याच तपासणी अहवालात लिहिलं गेलं की ब्लॅकहॉक एवढं वजन उचलत नाही.

भारताचं काय, तर आपण या कुळाशी फार खोल बांधलेलो आहोत. एमआय-८ आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि डिसेंबर २०१७ मध्ये येलहंका तळावर निवृत्त झाली. पंचेचाळीस वर्षं. एमआय-१७ ऐंशीच्या दशकात आली. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला तोलोलिंगजवळ त्यातलं एक क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. व्ही-५ ची पहिली मागणी डिसेंबर २००८ ची, ८० यंत्रांची. मग ती वाढत १५१ वर गेली आणि २०१६ पर्यंत सगळी आली. या यंत्रांनी घेतलेले बळीही सांगितले पाहिजेत. केदारनाथच्या प्रलयात, २५ जून २०१३ रोजी गौरीकुंडजवळ मदतकार्यातलं व्ही-५ कोसळून वीस जण गेले. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जण गेले. यंत्र ठीक होतं, अचानक ढगांत शिरल्यावर दिशेचं भान सुटलं असं चौकशीत निघालं. आणि २७ फेब्रुवारी २०१९ रोजी श्रीनगरजवळ बडगामला आपल्याच क्षेपणास्त्राने आपलंच व्ही-५ पाडलं. त्यात नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. वय अवघं तेहतीस. या तिन्ही घटनांत सांगाड्याचा किंवा इंजिनाचा दोष मुख्य मानला गेलेला नाही. डोंगर, ढग आणि माणसाची चूक. नव्या यंत्राकडून पहिली अपेक्षा असेल तर ती इथली आहे: ढगात शिरल्यावर वैमानिकाला जमीन दाखवणारी साधनं, आणि आपला कोण, परका कोण याची जमिनीवरच्या क्षेपणास्त्र-तुकडीला चुकता न येणारी ओळख.

२०२२ मध्ये आणखी ४८ व्ही-५ घेण्याचा विचार भारताने बाजूला ठेवला. त्याऐवजी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं तेरा टनी ‘इंडियन मल्टी रोल हेलिकॉप्टर’ हवं असं ठरलं. त्याचं इंजिन फ्रान्सच्या साफ्रानबरोबर मिळून करायचं आहे. इंजिनाचं नाव ठेवलंय ‘अरवली’. इथे माझी बाजू उघड सांगतो: हा निर्णय बरोबर आहे आणि तो दहा वर्षं उशिरा झाला. ध्रुवचं पहिलं उड्डाण १९९२ चं, सैन्यात आलं २००२ मध्ये. त्या चालीने तेरा टनी यंत्र या दशकाच्या शेवटी उडालं, तर तुकड्यांमध्ये २०४० च्या उंबरठ्यावर पोचेल. तोवर जुनी एमआय-१७ गेलेली असतील, व्ही-५ पंचवीस वर्षांची झालेली असतील. शिवाय ध्रुवचा अनुभव ताजा आहे. जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरच्या अपघातानंतर ती हेलिकॉप्टरं महिनोन्महिने जमिनीवर राहिली. एकाच जातीवर सगळा भार टाकला आणि ती जात थांबली, तर पुराच्या दिवशी मागणी नोंदवून उपयोग काय?

नव्या यंत्राची वैशिष्ट्यं ठरवणाऱ्या समितीत हिमालयाची उंची बोलते, समुद्रातल्या युद्धनौकेचा डेक बोलतो. ते योग्यच. पण दख्खनच्या पठारावरचं ३०० किलोमीटरचं अंतरही बोललं पाहिजे. बोरीला येऊन, तासभर काम करून, इंधनासाठी न उतरता परत जाता आलं पाहिजे. म्हणजे टाक्यांवरचा पल्ला ६०० नव्हे, ९०० किलोमीटरच्या आसपास हवा. दोर दोन्ही बाजूंना सोडता आला पाहिजे, कारण आजच्या यंत्रात तो एकाच बाजूच्या दारावर आहे आणि गच्चीवरच्या घाबरलेल्या माणसांपैकी एकेकाला वर घ्यायला मिनिटं जातात, त्या मिनिटांत पाणी चढतं. धुळीचे घुमट राहिले पाहिजेत, आणि पात्याच्या मुळाशी असलेल्या त्या लाल खुणेइतकी साधी तपासणीही.

आणि नवं येईपर्यंतची पंधरा वर्षं जुन्यावरच काढायची आहेत. चंडीगडमध्ये हवाई दलाचा तीन नंबरचा दुरुस्ती तळ आहे. एमआय-१७ तिथे पूर्ण उघडून पुन्हा जोडली जातात; निवृत्त होईपर्यंत एमआय-८ ही तिथेच जोडली जात. ऑक्टोबर २०१८ पासून व्ही-५ चीही सोय झाली. रशियाहून सुटे भाग येण्याला युद्धाने विलंब लागतोय, तेव्हा गिअरबॉक्सचे भाग, पात्यांची मुळं, सील, पंप इथे बनवून घेणं हाच मार्ग उरतो. नाशिकजवळ ओझरला सुखोई-३० ची जुळवणी आणि दुरुस्ती करत आलेल्या मराठी तंत्रज्ञांना रशियन नकाशे वाचायची दोन पिढ्यांची सवय आहे. ओझरच्या आसपासचे लघुउद्योजक सुखोईचे भाग करत आले आहेत. व्ही-५ च्या सुट्या भागांची कामं त्यांना आजच दिली, तर २०३० नंतर नांदेडला इंधन भरून बोरीकडे निघणाऱ्या एखाद्या व्ही-५ मध्ये त्यांचे भाग असतील.